कारिटाचं नाव

अख्ख्या नाशकात झेंडूवाल्यांच्या घरची अशी एकच सून सापडेल, जिच्या दारावर दिवाळीला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लागतं. तिचं नाव तेजल. सासरी, गंगापूर धरणाच्या अंगाला, तीन एकरांचा फुलमळा. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तिथून रोज टेम्पो भरून झेंडू मार्केटला जातो, आणि धनत्रयोदशीला त्यातली एक पाटी तिच्या सासूबाई, गोजराबाई, धाकट्या लेकाच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटवर आठवणीनं पाठवायच्या. पाटी तिसऱ्या मजल्यावर यायची, तेजल तिच्याकडे धड बघायचीसुद्धा नाही, आणि आल्या पावली ती खाली वॉचमनच्या केबिनकडे जायची. त्यामुळे सोसायटीच्या गेटला अशी जाडजूड माळ असायची की येणारे-जाणारे थांबून बघायचे.

"अगं, निदान एक माळ तरी ठेव आपल्या दाराला," तिचा नवरा ओम दरवर्षी म्हणायचा. ओम सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. तिथे पन्नास माणसांवर ओरडायचा, घरी मात्र त्याचा आवाज फुटायचा नाही.

"गेट काय परक्याचं आहे का?" असं म्हणून तेजल स्टुलावर चढायची आणि प्लास्टिकचं तोरण ठोकायची. खिळा केव्हाच बसलेला असायचा, तरी हातोडी आणखी चार वेळा पडायची.

आता एवढा राग काही कुणी उगाच पोसत नाही. राग पोसायलाही कष्ट पडतात, दुभत्या जनावरासारखं त्याचं वेळेवर बघावं लागतं. तेजलनं तो तीन वर्षं पोसला होता, आणि त्याचं कारण एका सकाळी, पाच मिनिटांत घडलं होतं.

तेजलचं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत गँगमन, ती कॉलेजात असतानाच गेले. मागे राहिली आई, विठाबाई. भाऊ नाही, बहीण नाही, मायलेकी दोघीच एकमेकींना. विठाबाईला कमी ऐकू यायचं. उभा जन्म रुळांच्या कडेला गेला, गाड्यांनी माझे कान खाल्ले, असं ती स्वतःच हसून सांगायची. त्या वर्षी स्वराज चार वर्षांचा होता, सृष्टी दोनाची. एकटीनं कसली दिवाळी करता, आमच्याबरोबर मळ्यात चला, असा ओमनंच सासूला आग्रह केला. ती आली. एका हातात अनारशांचा डबा आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली कारिटं.

कारीट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळा सरला की भाताच्या बांधावर, कुंपणावर एक वेल पसरतो. त्याला लिंबाएवढी हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची फळं लागतात, चवीला कडूजहर. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते फळ फोडायचं, म्हणजे नरकासुर मेला, आणि रसाचं बोट जिभेला लावायचं. विठाबाईच्या घरी ही रीत तिच्या आजीपासूनची. मळ्यात ती कुणी कधी केली नव्हती.

त्या पहाटे विठाबाईनं नातवाला तेल-उटणं लावून अंघोळ घातली. स्वराज नवा सदरा घालून पाटावर बसला. ताट तयार होतं, निरांजन लागलेलं होतं. पोरगं म्हणालं, "आजी, तू ओवाळ मला." विठाबाई हरखली आणि तिनं ताट उचललं.

"विहीणबाई, ताट ठेवा खाली," गोजराबाई म्हणाल्या.

विठाबाईला ते ऐकूच गेलं नाही. ती हसतहसत पुढे सरकली. मग गोजराबाईंनी आवाज चढवला, इतका की अंगणात फुलं भरणाऱ्या गड्यांनीही माना वळवल्या. "ताट ठेवा म्हणते ना! शुभाचं काम हाय. कुंकू पुसलेल्या बाईनं वरसाच्या सणाला पुढं पुढं करू नाय. मागं जाऊन बसा." आणि त्यांनी ताट तिच्या हातातून काढून घेतलं. थोरली सून मोहिनी शेजारीच उभी होती. तिनं खराटा आणला आणि उंबऱ्याशी मांडून ठेवलेली कारिटं, "हा कसला रानातला कचरा," असं म्हणत अंगणाच्या कडेला लोटून दिली.

विठाबाई मागच्या पडवीत जाऊन बसली, गाईंजवळ. जेवणं उरकेपर्यंत तिथेच बसली होती. मग पिशवी उचलून एसटीनं निघून गेली. जाताना लेकीला म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांच्यात चालत नसंल." पुढे माघात साधा ताप आल्याचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत ती गेली. घर आवरताना तेजलला ती पिशवी सापडली. तळाशी फडकं, आणि फडक्यात वाळून सुपारीएवढी झालेली पाच कारिटं. अंगणाच्या कडेची ती कारिटं बिचारीनं एकेक वेचून परत नेली होती.

तेजल तेव्हा रडली नाही. त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसून तिनं ठरवलं, की त्या बाईला दिवाळीच्या सकाळी दाराकडे डोळे लावून बसवीन. नातवंडं येतील म्हणून ती बसेल, आणि नातवंडं येणार नाहीत. माझ्या आईला पडवीत बसवलंस ना? आता तू बस ओट्यावर.

पण नुसतं येणार नाही म्हणून भागत नाही. नकार पहिल्या वर्षी टिकतो. दुसऱ्या वर्षी नवरा तोंड पाडतो, आणि तिसऱ्या वर्षी पोरंच आजीकडे जायचं म्हणून भोकाड पसरतात. मळ्यात चुलतभावंडं, फुलांचे ढीग, कुत्र्याची पिल्लं, विहिरीवरची मोटर. त्याच्यापुढे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा काय टिकाव लागायचा? तेजल मात्र शाळेत शिकवायची, पहिली-दुसरीच्या वर्गाला. लहान पोरं कशाला बांधली जातात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लोकांना उगाच वाटतं की पोरांना रोज नवं हवं असतं. छे! पोरांना कालचंच परत हवं असतं, त्याच दिवशी, त्याच क्रमानं, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. एकदा रीत पाडून दिली की पुढे पोरंच तिची राखण करतात.

तेव्हा तिनं आपल्या घराच्या रीती पाडल्या. सुडानं पाडल्या, पण काय देखण्या पाडल्या म्हणून सांगू!

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळच्या गाडीनं चौघांनी इगतपुरीला जायचं. स्टेशनावर वडापाव खायचा. मग भाताच्या बांधाबांधानं फिरून कारिटं हुडकायची, माणशी एक आणि एक जास्तीचं, वाटेत एखादं फुटलं तर असावं म्हणून. ती जास्तीची भानगड स्वराजनं काढली आणि तीही रीत होऊन बसली. घरी आल्यावर कामट्या आणि पतंगी कागदाचा कंदील चौघांनी मिळून करायचा, कितीही वाकडा झाला तरी तोच टांगायचा. विठाबाईच्या हातच्यासारखे खसखस लावून अनारसे करायचे. पोरांनी थापायचे. तळताना जो अनारसा हसला, म्हणजे तुपात फिसकटला, तो पोरांचा. दोघं कढईपासून चार हात लांब उभं राहून "हस, हस" म्हणून ओरडत राहायची.

आणि चतुर्दशीच्या पहाटे चौरंगावर विठाबाईचा फोटो. आपल्या घरात पहिलं ओवाळणं आजीचं, असं तेजलनं पोरांना सांगून टाकलं. ताट आधी फोटोला टेकवायचं, आजीनं ओवाळलं असं समजायचं, मग बाकीच्यांनी ओवाळायचं. त्याच्याआधी मात्र बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशी कारिटं फोडायची. पहिल्या वर्षी स्वराजनं पाय उचलून विचारलं, "आई, हे कुणाचं डोकं?"

नरकासुराचं, असं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. कुठल्याही आईनं तेच सांगितलं असतं. पण तेजलच्या तोंडून निघून गेलं, "इगतपुरीच्या आजीला ज्यानं रडवलं, त्या राक्षसाचं."

पोरांना काय, तेवढंच पाहिजे होतं. आजीला रडवतो म्हणजे काय! स्वराजनं असा पाय हाणला की बिया भिंतीवर उडाल्या. ओम दारात दात घासत उभा होता, त्यानं खाली मान घातली आणि तो बेसिनकडे निघून गेला. "राक्षसाचं नाव काय गं?" स्वराजनं विचारलं. "वेळ आली की सांगीन," तेजल म्हणाली, आणि तिनं आपलं कारीट फोडलं. मनातल्या मनात नाव घेऊन फोडलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या वर्षी आषाढात सासरे गेले. माणूस भला होता, तेजल त्यांच्यासाठी मनापासून रडली. नातेवाइकांनी निरोप पाठवला की वर्षभर सण नाही. तिनं कंदील केला नाही, अनारसे केले नाहीत. पण कारिटं आणलीच. "कडू खायला कसलं आलंय सुतक?" असं तिनं ओमला सुनावलं. त्या दिवाळीला गोजराबाईंचा फोन आला. घर खायला उठलंय, पोरांना दोन दिवस पाठवता का, असं त्या म्हणत होत्या. फोन स्पीकरवर होता. स्वराज मोठ्यानं म्हणाला, "नाही आजी, आम्हाला राक्षस मारायचाय ना!" तेजलनं फोन ठेवला आणि गाणं गुणगुणत भांडी घासली. खोटं कशाला सांगा, इतका आनंद तिला पगारवाढीचाही झाला नव्हता.

मग आलं तिसरं वर्ष. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ओम मळ्यातून परत आला तो पाटी घेऊन, आणि पाटीच्या मागे जिना चढत, कठड्याला धरत, गोजराबाई. हातात एक पिशवी. कपाळ मोकळं. दीड वर्षात बाई पार वाळून गेली होती.

दाराशी त्या थांबल्या. वरच्या तोरणातलं एक फूल दोन बोटांत धरून त्यांनी चाचपलं. चाळीस वर्षं झेंडू तोडलेली बोटं ती. "पलास्टिक हाय व्हय," एवढंच म्हणाल्या. तेजलनं त्यांच्यादेखत स्वराजला हाक मारली. "ही पाटी वॉचमनकाकांना देऊन ये रे, नेहमीसारखी." 'नेहमीसारखी' हा शब्द तिनं जरा सावकाश उच्चारला. गोजराबाईंनी जिन्यावरून खाली जाणाऱ्या पाटीकडे बघितलं आणि चपला काढल्या.

"काय झालं?" तेजलनं ओमला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

झालं होतं ते असं. थोरल्याच्या बंटीनं नवी मोटारसायकल घेतली. धनत्रयोदशीचा मुहूर्त, अंगणात गाडीची पूजा. गोजराबाई कौतुकानं हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाल्या. मोहिनीनं ते ताट धरलं.

"आणि काय म्हणाली?"

"जाऊ दे ना आता, तेजल."

"शब्द सांग मला. काय म्हणाली?"

ओमनं एकदा बाहेर बघितलं. "म्हणाली, शुभाचं काम आहे. तुमच्यासारखीनं पुढं पुढं करू नये. मागं जाऊन बसा."

"परत सांग," तेजल म्हणाली. त्यानं मान खाली घालून परत सांगितलं. कढईत पिठलं रटरटत होतं, ते खाली लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. देव आहे, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. मोहिनीच्या तोंडात साखर घालावीशी वाटली, त्याच मोहिनीच्या, जिनं खराट्यानं कारिटं लोटली होती! शब्दसुद्धा तेच. मग तिनं गरम भाकरी केली, पिठलं वाढलं, वरून तेल घातलं, लोणचं दिलं, झोपायला पोरांच्या खोलीत धुतलेली चादर घातली. कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. आणि मनात एकच घोकत राहिली, उद्या पोरांना नाव सांगायचं. आजीच्या तोंडावर सांगायचं. वेळ आली.

पहाटे पाचला घर उठलं. तेल झालं, उटणं झालं. सृष्टी ओल्या केसांनी बाल्कनीत पळाली आणि तशीच उलट्या पावली ओरडत आत आली, "आजी रडतेय! मळ्यातली आजी रडतेय!"

गोजराबाई तुळशीच्या कुंडीशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर डोळ्यांना. सृष्टी सरळ त्यांच्या मांडीत जाऊन बसली. पाच वर्षांच्या पोरीला कुठे ठाऊक कुणाच्या मांडीत बसावं आणि कुणाच्या नाही. स्वराजनं मोठ्या माणसासारखं डोकं हलवलं आणि कारिटांची टोपली आणून पुढ्यात ठेवली.

"रडू नको. पाच आहेत बघ. आम्ही एक जास्तीचं आणतोच. हे तुझं."

"काय हाय हे?" गोजराबाई म्हणाल्या. पण त्यांनी ओळखलं होतं. हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"कारीट! ह्याच्यात राक्षस असतो," स्वराज घडाघडा बोलायला लागला. "इगतपुरीच्या आजीला ज्यानं रडवलं ना, तो. आईनं सांगितलंय, तिच्या हातातलं ताट काढून घेतलं त्यानं, आणि तिला गाईंजवळ बसवलं. मग ती देवाघरी गेली. म्हणून आम्ही दरवर्षी त्याला फोडतो. गेल्या वर्षी मी एका झटक्यात फोडला."

"मी पण," सृष्टी म्हणाली.

गोजराबाईंनी मान वर केली. बाल्कनीच्या दारात तेजल उभी होती, हातात ओवाळणीचं ताट. दोघींची नजरानजर झाली. ह्या नजरेसाठी तेजलनं तीन वर्षं वाट बघितली होती, रात्रंदिवस बघितली होती. तिनं डोळे हलवले नाहीत.

"नाव काय रं त्या राक्षसाचं?" गोजराबाईंनी विचारलं. विचारलं नातवाला, पण बघत होत्या सुनेकडे.

"आई सांगतच नाही. वेळ आली की सांगीन म्हणते."

"आली की वेळ," गोजराबाई म्हणाल्या. "सांग."

"तेजल," मागून ओम म्हणाला. एवढंच म्हणाला.

नाव तिच्या जिभेवर होतं. सृष्टी फ्रॉकच्या टोकानं म्हातारीचे डोळे पुसत होती. नाव सांगितलं की ही पोर मांडीतून उठेल आणि पुन्हा कधी तिथे बसणार नाही. तेजलला हे पक्कं ठाऊक होतं. पोरांच्या मनात ही गोष्ट किती खोल गेली आहे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनंच तर ती रुजवली होती. आणि तरीही तिला नाव सांगायचंच होतं. दया-बिया काही आली नव्हती. तिनं तोंड उघडलं.

"गोजराबाई," म्हातारीच बोलून मोकळी झाली. "गोजराबाई नाव हाय त्या राक्षसाचं."

स्वराज हसायला लागला. "ते तर तुझं नाव आहे!"

"माझंच हाय, बाळा. ताट मीच घेतलं तिच्या हातातलं. गाईंपाशी बी मीच बसवलं."

स्वराजचं हसू थांबलं. त्यानं आईकडे बघितलं, मग आजीकडे, मग टोपलीकडे. सृष्टी मांडीतून उठली नाही. तिचं आपलं दुसरंच चाललं होतं. "मग तुला कुणी रडवलं?"

"मला बी त्या गोजराबाईनंच रडवलं," त्या म्हणाल्या. "काल तुझी मोठी आई मला जे बोलली ना, ते सगळं मीच शिकवलं व्हतं तिला."

तेजलला समाधान वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. कुणीतरी घरात शिरून आपली चीज उचलून न्यावी तसं तिला झालं. ते नाव सांगायचा हक्क तिचा होता! तीन वर्षं जपलेलं नाव, आणि ते ह्या बाईनं असं आपल्याच तोंडानं सांगून टाकावं?

"मग आता फोडायचं की नाही?" स्वराजनं बारीक आवाजात विचारलं. पोराची पंचाईत झाली होती.

"फोडायचं तर. तुमची रीत हाय ना? मोडू नाय." गोजराबाईंनी सृष्टीला बाजूला बसवलं, कठड्याला धरून गुडघ्यावर हात देत त्या उठल्या. टोपलीतलं एक कारीट घेतलं, खाली ठेवलं, आणि डाव्या पायाचा भेगाळलेला अंगठा त्याच्यावर टेकवला. पहिल्यांदा ते निसटून गडगडलं. स्वराजनं पळत जाऊन आणून दिलं. दुसऱ्यांदा फुटलं. त्यांनी वाकून बोट रसात बुडवलं आणि जिभेला लावलं, तसं सगळं तोंड वाकडं झालं. "लय कडू हाय गं माय."

"असतंच," तेजल म्हणाली.

"माझं झालं. आता तुझं." म्हातारीच्या आवाजाला एकदम धार आली. आता ती कुणाची माफी मागणारी बाई राहिली नव्हती, मळा चालवणारी गोजराबाई झाली होती. "तू कुणाचं फोडती गं?"

"तुमचंच फोडत आलेय."

"ते तर मी फोडलं. आता?" त्यांनी टोपली तिच्याकडे सरकवली. "त्या दिशी तू बी व्हतीस तिथं. ही पोर कडेवर व्हती, अन् दाराला टेकून उभी व्हतीस. मी ताट घेतलं, माझं पाप माझ्यापाशी. पर तू तिची लेक ना? एक शबूद नाय बोललीस. मी मनात म्हणले, आता ही बोलंल, आता बोलंल. नाय बोललीस."

"आई, पुरे झालं," ओम म्हणाला.

तेजलच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं ताट फेकून मारावं असं तिला वाटलं. ही कोण मला विचारणारी? हिला तोंड आहे का? पण ताट हातातच राहिलं, कारण हे तिला आज नव्यानं कळत नव्हतं. खिळा बसल्यावर चार वेळा हातोडी कुणावर पडायची, हे तिचं तिला माहीत होतं. आई पडवीकडे जाताना तिनं वळून लेकीकडे बघितलं होतं. आणि लेकीनं सृष्टीचं नाक पुसायला घेतलं होतं.

तिनं ताट ओमच्या हातात दिलं. टोपलीतलं सगळ्यात मोठं कारीट उचललं, पायाखाली घेतलं आणि असं चिरडलं की रस कुंडीपर्यंत उडाला, स्वराजच्या नव्या पँटवर शिंतोडे आले.

"हे कुणाचं होतं, आई?"

"अजून एक बाई होती तिथं," तेजल म्हणाली. "नुसती बघत उभी होती." आणि तिनं रसाचं बोट जिभेला लावलं.

आता कुणाला वाटेल की दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या असतील. काही नाही! तेजलचं अजून संपलं नव्हतं. पोरांनी आपापली कारिटं फोडली, ओमनं त्याचं फोडलं, आणि सगळे आत आले. चौरंगावर विठाबाईचा फोटो, समोर दोन पाट. पोरं सवयीनं पाटावर बसली. तेजलनं निरांजनातली वात सारखी केली आणि ताट गोजराबाईंच्या पुढे धरलं.

"ओवाळा."

गोजराबाई दोन पावलं मागे सरल्या. "मला नाय चालत गं आता."

"ह्या घरात चालतं. आमच्यात पहिलं ओवाळणं आजीच करते. विचारा पोरांना."

"हो, पहिली आजीच," सृष्टी म्हणाली. "उशीर नको करू, अनारसे खायचेत."

"पोरांचं वाईट व्हईल गं," गोजराबाई म्हणाल्या. त्या खरंच घाबरल्या होत्या. दुसऱ्याला लावलेला नियम त्यांनी स्वतःवरही तितकाच घट्ट बांधून घेतला होता.

"माझ्या आईच्या हातानं वाईट झालं असतं?" तेजलनं विचारलं. "बोला. झालं असतं का?"

गोजराबाईंनी मान हलवली. नाही.

"मग धरा."

तिनं ताट त्यांच्या दोन्ही हातांत दिलं आणि बोटं त्याच्यावर दाबून ठेवली, बरी घट्ट दाबली. मगच सोडली. गोजराबाई पोरांकडे वळल्या नाहीत, आधी फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ओठ हलले. "विहीणबाई..." असं काहीतरी त्या पुटपुटल्या. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला, आत्याबाई," तेजल म्हणाली. "आईला कमी ऐकू यायचं."

गोजराबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग श्वास घेतला आणि त्या दिवशी अंगणभर गेला होता तोच आवाज चढवला. "विहीणबाई, तुमच्या हातातलं ताट घेतलं, ते माझं चुकलं!"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. खाली गेटवर झेंडूची माळ बांधणाऱ्या वॉचमननं मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. ओम आपलं उघडं दार लावायला उठला, तर तेजलनं हातानंच त्याला खाली बसवलं आणि दार तसंच उघडं ठेवलं.